पंचाहत्तर सेंटिमीटरचा प्रश्न: एका दगडी कोठाराचं सुट्टीचं घर होताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन भावंडांचं आणि त्यांना वारशात मिळालेल्या एका दगडी कोठाराचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसं आणि रकमा गाळल्या आहेत. घटनांचा क्रम आणि मापं तशीच ठेवली आहेत. मी या कामावर आर्किटेक्ट होतो. पुढे ज्या चुका येतील त्यांतली पहिली आणि सगळ्यांत महागडी माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कोठार १८ मीटर लांब, ७ मीटर रुंद. मधल्या खणात समोरासमोर दोन मोठी दारं. भरलेली गाडी एका दाराने आत यायची, रिकामी दुसऱ्याने बाहेर पडायची, आणि मळणी झाली की दोन्ही दारं उघडून आरपार वाऱ्यावर धान्य उफणता यायचं. दक्षिणेच्या टोकाला गोठा, उत्तरेच्या टोकाला गवत ठेवायचा माळा. भिंती ६० सेंटिमीटर जाड, बिनघडीव दगडाच्या. आतून एक दर्शनी थर, बाहेरून एक, मध्ये चुना, माती आणि दगडाच्या चिपांची भर, आणि मधूनमधून दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड. खिडकी अशी नव्हतीच. बाहेरून वीतभर अरुंद आणि आत रुंद होत जाणारे झरोके तेवढे होते. छपरावर दगडी पाट्या आणि त्यांचं ओझं पेलणाऱ्या चार लाकडी कैच्या.

सुमारे तीस वर्षं आत कुणी काही ठेवलं नव्हतं. त्याआधी कधीतरी पावसाच्या माऱ्याच्या पश्चिम भिंतीच्या दरजा कुणीतरी सिमेंटने भरून घेतल्या होत्या. काळजीपोटीच केलेलं काम होतं ते. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

धाकट्या भावाला इथे भाड्याने देता येईल असं सहा खोल्यांचं घर हवं होतं. थोरल्या बहिणीला मधला खण जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा हवा होता.

"ताई, रिकाम्या उंचीचं भाडं कोण देणार आहे?" पहिल्याच बैठकीत त्याने विचारलं.

"तीच तर बघायला येतील लोक," ती म्हणाली.

मला तेव्हा दोघांचंही पटत होतं, आणि दोघांनाही खूश करता येईल असं वाटत होतं. तिथूनच गडबड सुरू झाली.

अडचण कशात होती

वरवर पाहता यादी नेहमीचीच होती: ओल, तडा, गारठा, उजेडाचा अभाव. पण प्रत्येकामागे वेगळं कारण होतं आणि एकाचा उपाय दुसऱ्याला बाधत होता.

पश्चिमेची भिंत आतून कायम ओली असे. जुन्या भिंतीत पाणी शिरतंच. चुन्याच्या दरजा सच्छिद्र असल्याने ते तिथून पुन्हा बाहेर उडून जातं. जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ मध्ये, आणि त्याच्या आधीच्या दगडी बांधकामांचा सगळा हिशोब या ये-जा करणाऱ्या ओलीवर बसवलेला असतो. घट्ट सिमेंटने दरजा बंद केल्या की पाणी बारीक फटींतून आत जातं, मात्र बाहेर पडायला त्याला दगडाखेरीज वाट उरत नाही. मग दगडाचाच चेहरा पापुद्रे सुटून गळायला लागतो. या भिंतीवर नेमकं तेच चाललं होतं. सिमेंटच्या रेघा शाबूत आणि त्यांच्यामधला दगड दोन बोटं आत गेलेला.

गोठ्याच्या भिंतींना लोणा लागला होता, आणि तो साधा नव्हता. जनावरांचं मूत आणि शेण पिढ्यान्‌पिढ्या भिंतीत मुरलं की नायट्रेटचे क्षार तयार होतात. हे क्षार हवेतला दमटपणा स्वतःच ओढून घेतात, त्यामुळे पाऊस नसतानाही भिंत ओलसर दिसते. ओल मोजायचं टोचणीचं यंत्रही अशा भिंतीवर फसवतं. ते विजेच्या वहनावरून अंदाज बांधतं आणि क्षारांमुळे वहन वाढतं. एका विक्रेत्याने हेच यंत्र गोठ्याच्या भिंतीला लावून 'पायातून ओल चढतेय' असं ठासून सांगितलं होतं आणि भिंतीत रसायन टोचण्याचा प्रस्ताव ठेवला होता. भावाने जवळजवळ होकार दिला होता.

तिसरी गोष्ट उत्तरेच्या टोकाच्या भिंतीतला तडा. खाली केसाएवढा, वर करंगळी जाईल इतका. जुना की चालू, हे नुसतं बघून कळत नाही. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात त्यावर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या चुन्याच्या लगद्याने चिकटवल्या आणि प्रत्येकीशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते. इतकं स्वस्त आणि खरं बोलणारं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

चौथी अडचण इमारतीची नव्हती, वापराची होती. सुट्टीचं घर आठवड्यातले चार-पाच दिवस रिकामं असतं. जाड दगडी भिंत उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असते, असं आपण सहज म्हणतो. पहिलं अर्धं खरं आहे. उष्णता अडवण्याच्या बाबतीत ६० सेंटिमीटरची दगडी भिंत जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर चांगल्या इन्सुलेशनइतकीच. तिच्यात उष्णता साठते पुष्कळ, पण ती साठायला वेळ लागतो. रोज राहणाऱ्या कुटुंबाला याचा फायदा होतो. शुक्रवारी रात्री येऊन रविवारी दुपारी जाणाऱ्या पाहुण्याला मात्र भिंत तापते न तापते तोच निघायची वेळ होते.

विचारात घेतलेले पर्याय

कागदावर चार पर्याय होते. पहिला, कोठार उतरवून त्याच दगडांत नवं घर बांधायचं. तो बहिणीने पाच मिनिटांत बाजूला सारला आणि मलाही तो नकोच होता. बिनघडीव भिंत उतरवली की तोच दगड तसाच परत बसत नाही, आणि हाती येतं ते जुन्या दगडाचं कातडं पांघरलेलं नवं घर.

दुसरा, दगडी कवचाला हात न लावता आत स्वतंत्र लाकडी सांगाड्याच्या खोल्या उभ्या करायच्या. तिसरा, पूर्ण दोन मजली रूपांतर, सहा खोल्यांसह. चौथा, अगदी हलका हात: दुरुस्ती, चुना, एक न्हाणीघर, आणि घर फक्त उबदार महिन्यांत उघडायचं.

आम्ही तिसरा निवडला. कारण उघड होतं. खोल्यांच्या संख्येवर उत्पन्नाचा तक्ता बेतला होता आणि कर्ज त्या तक्त्यावर. बहिणीच्या समाधानासाठी मधल्या खणाचा अर्धा भाग मोकळा ठेवून दुसऱ्या अर्ध्यावर गॅलरी दाखवली. नकाशा दिसायला छान होता.

त्या नकाशात एक आकडा मात्र बसत नव्हता. जुन्या जमिनीपासून कैचीच्या खालच्या तुळईपर्यंत उंची होती ४.३ मीटर. खालचा मजला २.३, मधली तक्तपोशी ०.३, वर तुळईखालून ताठ चालता यावं म्हणून २.१. बेरीज ४.७. म्हणजे ४० सेंटिमीटर कमी. शिवाय नव्या फरशीखाली उबेसाठी आणि ओल तोडण्यासाठी ३५ सेंटिमीटरचे थर. मी नकाशावर लिहिलं: आतली जमीन ७५ सेंटिमीटर खाली घेणे.

ते लिहिताना भिंतीचा पाया किती खोल आहे हे मला माहीत नव्हतं. एवढी जाड भिंत आहे म्हणजे पाया मीटरभर तरी असेल, असं मी धरून चाललो होतो.

खणण्याचा दिवस

कंत्राटदाराचं यंत्र उत्तरेच्या माळ्याखालून सुरू झालं. मिस्त्री पश्चिम भिंतीवर सिमेंट काढून बघत होते. तास-दीड तासाने ते आत आले, खड्ड्यात डोकावले आणि यंत्रवाल्याला हाताने थांबायची खूण केली. भिंतीचा सगळ्यांत खालचा दगड उघडा पडला होता. जुन्या जमिनीच्या खाली ३० सेंटिमीटरवर. त्याखाली घट्ट पिवळी माती, बस्स. पायथ्याला भिंत थोडी पसरट करून ती थेट मातीवर टेकवलेली होती.

तड्यावरची मधली काच तडकलेली होती. सकाळी ती अखंड होती, यावर मिस्त्री आणि बहीण दोघंही ठाम होते.

काम तिथल्या तिथे बंद झालं. खणलेला भाग त्याच संध्याकाळी परत भरून, थर देऊन धुम्मस केला. आतून माती काढली की भिंतीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी मिळणारा आधार जातो आणि भाराखालची माती मोकळ्या बाजूला सरकू पाहते. दगडी पाट्यांचं छप्पर, त्याखाली साडेचार मीटरची भिंत, आणि बूड उघडं. आणखी दोन मीटर खणलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने नंतर एका वाक्यात दिलं: "तुम्ही मला फोन केला नसता, विमा कंपनीला केला असता."

तिच्या सांगण्यावरून भिंतीलगत पाच ठिकाणी हाताने छोटे खड्डे घेतले. पायाची खोली ३० ते ३५ सेंटिमीटर, सगळीकडे. अर्ध्या दिवसाचं काम. नकाशा काढायच्या आधी करायला हवं होतं ते हेच.

आता तीन वाटा होत्या. एक, भिंतीखाली मीटर-मीटरच्या तुकड्यांत, एकाआड एक, नवा पाया सरकवत न्यायचा. हे करता येतं, सुरक्षितपणे करता येतं, पण सगळ्या परिघाला ५० मीटर भिंत होती. वेळ आणि पैसा पाहता उरलेलं सगळं बजेट जमिनीखाली गाडलं गेलं असतं. शिवाय चुन्यातल्या लवचीक भिंतीखाली ताठ काँक्रीटचा पट्टा आला की बैठक बदलते, नवे तडे वेगळ्या जागी जातात. दोन, छप्पर उचलून भिंत ४० सेंटिमीटर चढवायची. त्याने कोठाराची मूळ ठेवण गेली असती. शिवाय कैच्या उतरवायच्या म्हणजे त्यांचे जुने सांधे पुन्हा जुळतील याची खात्री नाही. तीन, वरच्या मजल्याचा नादच सोडायचा.

ती बैठक लांबली. भाऊ कर्जाचा तक्ता घेऊन आला होता. त्याचं म्हणणं रागाचं असलं तरी चुकीचं नव्हतं: सहा खोल्या धरून पैसे उचललेत, आता तीनच कशा सांगता? इंजिनिअर काहीच बोलली नाही. बहिणीने विचारलेला प्रश्न मला आजही आठवतो. तिने विचारलं, "सहा खोल्यांत उतरणारी माणसं कोण आहेत, हे आपण कधी ठरवलं होतं?" ठरवलं नव्हतं. तक्त्यात खोल्या होत्या, पाहुणे नव्हते. भावाने दोन आठवडे घेतले, भाड्याच्या नोंदी चाळल्या आणि स्वतःच आकडे मांडून आणले. तीन खोल्या आणि मधला पूर्ण उंचीचा खण, असं एका कुटुंबाला किंवा मित्रमंडळींच्या एका गटाला सबंध घर द्यायचं. उत्पन्न कमी दिसत होतं, पण खर्चही खूपच उतरत होता. कर्जाची मुदत वाढवून घ्यावी लागली. तिसरी वाट ठरली.

बदललेला आराखडा

नवी फरशी ३५ सेंटिमीटरचीच ठेवली, पण फक्त २० सेंटिमीटर खणायचं आणि १५ सेंटिमीटर वर यायचं. तेही एकदम नाही. पट्ट्या पाडून, एक पट्टी खणली की लगेच भरायची, बूड उघडं टाकून कुणी जेवायलाही जायचं नाही. खाली फेसाळ काचेची खडी, जी ऊब धरते आणि जिच्यातून पाणी वर चढत नाही, आणि वर चुन्याचं काँक्रीट. प्लास्टिकचा कागद टाकून सिमेंटची लादी ओतणं अर्ध्या वेळात झालं असतं. मात्र तशा लादीखाली अडकलेली ओल कडेला सरकते आणि भिंतीतून वर चढते. पश्चिम भिंत आधीच ओलीने भरलेली होती, तिला आणखी पाणी पाजायचं नव्हतं.

गोठ्याच्या खणात दुसरा पर्याय परत आला: खोलीत खोली. लाकडी सांगाड्याच्या दोन निजायच्या खोल्या आणि न्हाणीघर, दगडी भिंतीपासून ८ सेंटिमीटर सोडून, मागे हवा खेळती. याने दोन प्रश्न एकदम सुटले. लोणा लागलेली भिंत आपल्या गतीने क्षार बाहेर टाकत राहते आणि कुणाचा गिलावा फुगत नाही. आणि सांगाडा हलका, चांगला इन्सुलेट केलेला, त्यामुळे चटकन तापतो. पर्यायांच्या यादीत असताना याच कल्पनेला मी 'तडजोड' म्हटलं होतं.

तिसरी खोली उत्तरेच्या जुन्या माळ्यावर. निजायची जागा वर आली की आगीच्या वेळी बाहेर पडायला वेगळी वाट हवी. ती टोकाच्या भिंतीतल्या गवत आत टाकायच्या जुन्या झडपेतून मिळाली. नवं भोक पाडावं लागलं नाही. मोठ्या दारांच्या जागी काच बसवली ती भिंतीच्या आतल्या अंगाला, दाराची लाकडी पानं बाहेर तशीच ठेवून. घर बंद असलं की पानं मिटतात आणि पुन्हा कोठार दिसतं. झरोके एकही रुंद केला नाही. यावर भावाशी थोडी झकाझकी झाली. वास्तुजतनाच्या ऑस्ट्रेलियातल्या बर्रा सनदेत जुन्या वास्तूंबाबत एक सूत्र आहे, गरजेपुरता बदल आणि शक्य तितका कमी. ते मी त्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, "सनद लिहिणाऱ्यांना अंधारात दाढी करायची नव्हती." न्हाणीघराला छपरातून उजेड दिला.

भिंत वाळण्याची वाट

पश्चिमेचं सिमेंट काढण्याआधी मिस्त्रींनी एक चौरस मीटरचा तुकडा नमुना म्हणून केला. छिन्नी-हातोडीने. यंत्राने झटपट होतं, पण पातं दरजेतून घसरून दगडाची कड कापतं आणि ती खूण कायमची राहते. नशिबाने सिमेंट वरवरचं होतं आणि बहुतेक जागी आख्ख्या पट्ट्या सुटून आल्या. जिथे दगडाची कड तुटू लागली तिथे मिस्त्रींनी ते तसंच सोडलं. त्या चार-सहा जागा आजही दिसतात.

बाहेरची जमीन वर्षानुवर्षांच्या भरावाने आतल्यापेक्षा हातभर उंच झाली होती. ती उतरवली, पण पायाचा अनुभव ताजा असल्याने भिंतीला खेटून चर मारला नाही. मारला तो भिंतीपासून दीड मीटर दूर, उथळ, खडी भरलेला. छपराला पन्हळ लावली, म्हणजे पागोळ्या जोत्यावर आपटायच्या थांबल्या. माझ्या मते ओलीवर सगळ्यांत मोठा परिणाम या दोन बिनडौली कामांनी केला.

आणि मग थांबायचं होतं. भिंत वाळण्याचा ढोबळ अंदाज महिन्याला अडीच सेंटिमीटर असा धरतात. ६० सेंटिमीटरची भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी वर्ष जातं. भावाने पुढच्या उन्हाळ्याची तीन बुकिंगं तोंडी घेऊन ठेवली होती. आतून लगेच गिलावा करून टाका, नंतर बघू, असा त्याचा आग्रह होता. मी डगमगलो होतो, हे कबूल करतो. मिस्त्रींनी एवढंच सांगितलं, "करतो की. पण पुढच्या वर्षी तोच उतरवायला मला बोलवू नका." बुकिंगं रद्द झाली.

दरजांसाठी नैसर्गिक जलीय चुना वापरला, एनएचएल ३.५ प्रतीचा. तो ओल्यातही धरतो, पण सिमेंटसारखा कडक होत नाही. तरी चुन्याचं उरलेलं घट्ट होणं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर असतं आणि त्याला घाई चालत नाही. ऊन लागू नये म्हणून ओली पोती टांगायची, रोज शिंपडायचं, आणि पारा ५ अंशांच्या खाली जायची शक्यता असेल तर काम बंद. शरदाच्या शेवटी आम्ही एक आठवडा जास्त ताणला. थंडीची एक रात्र आली आणि सात-आठ मीटर लांबीच्या दरजा भुगा होऊन पडल्या. त्या वसंतात परत भरल्या.

मध्येच एक घुबड

छपराचं काम सुरू होणार त्याच आठवड्यात सुताराला माळ्याच्या आढ्याजवळ पिल्लं दिसली. गव्हाणी घुबड. आपल्या भाषेत या पक्ष्याचं नावच गव्हाणीवरून आहे, तेव्हा त्याचं तिथे असणं आश्चर्याचं नव्हतं. आश्चर्य याचं, की आमच्यापैकी कुणी आधी शोधलं नव्हतं. जमिनीवर लोकरीसारखे काळे गोळे पडलेले मी स्वतः पाहिले होते. ते घुबडाने ओकून टाकलेले, उंदरांची हाडं-केस असलेले गोळे असतात. मी त्यांना कचरा समजलो होतो.

अंडी उबवायला महिनाभर, पिल्लं उडती व्हायला आणखी सुमारे दोन महिने. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची होती. घरटं हलवणं बऱ्याच ठिकाणी कायद्याने गुन्हा आहे, आणि तसं नसतं तरी बहिणीने हलवू दिलं नसतं. छप्पर सहा आठवडे पुढे गेलं. सुताराने त्या वेळात कैच्या तपासून घेतल्या. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर सतत राहिला तर कुजण्याचा धोका. तीन कैच्या कोरड्या निघाल्या, चौथीचं भिंतीत रुतलेलं टोक मऊ होतं. सबंध तुळई न बदलता तेवढंच टोक कापून नवं लाकूड सांधलं. भुंग्याची भोकं सगळीकडे होती, पण जुनी, भुकटी न पडणारी. फवारणी केली नाही.

छपराची ऊब वाशांच्या वरून दिली, लाकडी तंतूंच्या बोर्डांनी. छप्पर १८ सेंटिमीटर उंच झालं, आतली लाकडं उघडी राहिली. टोकाच्या भिंतीत आतून पेटी बसवून बाहेरून घुबडाला भोक ठेवलं.

निष्पत्ती

१४ महिन्यांचं काम २६ महिन्यांत झालं. सहाच्या तीन खोल्या झाल्या. मूळ अंदाजापेक्षा एकूण खर्च थोडा कमीच आला, कारण दुसरा मजला आणि जिने गेले. पण थांबलेल्या काळाचं व्याज धरलं तर तो फायदा पुसला जातो.

पश्चिम भिंत दुसऱ्या वर्षी आतून कोरडी झाली. मग तिला चुना आणि भांगेच्या देठांचा भुसा यांचा ५ सेंटिमीटर गिलावा दिला. हात लावला तर गार लागत नाही, इतपत तरी. गोठ्याच्या भिंतीवर लोणा अजून येतो. बहीण तो वर्षातून दोनदा कोरड्या ब्रशने झाडून काढते, पाण्याने धूत नाही. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात.

लाकडी खोल्या अर्ध्या तासात उबदार होतात. मधल्या खणाला जवळजवळ दिवस लागतो, आणि पहिल्या हिवाळ्यात दोन पाहुण्यांनी याची खरमरीत तक्रार केली. आता आदल्या दिवशी दुरूनच हीटिंग चालू करतात. मधल्या खणात आवाज घुमतो, मुलं असली की फारच. याचा विचार कुणीच केला नव्हता. जाड पडदे आणि गालिचा टाकून थोडा फरक पडला आहे. फरशी १५ सेंटिमीटर वर आल्याने गोठ्याचं जुनं दार १.७५ मीटरचं झालं. चौकटीवर 'डोकं सांभाळा' अशी पाटी आहे आणि तिचा उपयोग होत नाही.

मैलापाण्यासाठी यंत्रावर चालणारी शुद्धीकरण टाकी सुचवली गेली होती. ती टाळून साधी सेप्टिक टाकी केली. घर पाच दिवस रिकामं आणि दोन दिवस भरलेलं असलं की यंत्राच्या टाकीतले जिवाणू उपाशी मरतात. ही निवड बरोबर ठरली. ओलसर हवा काढणारा पंखा घर रिकामं असतानाही मंद चालू असतो. पाहुणे तो बंद करत, म्हणून त्याचं बटण आता कपाटात आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं काम खड्डे. नकाशाच्या आधी, मोबदला ठरायच्याही आधी, भिंतीलगत चार-पाच हातखड्डे. ते केले असते तर ७५ हा आकडा कागदावर आलाच नसता आणि सहा खोल्यांचा तक्ता बँकेत गेला नसता.

दुसरं, एकच मोठं कंत्राट देणार नाही. आधी फक्त पाणी वळवणं, सिमेंट काढणं, छपराची तात्पुरती डागडुजी. मग इमारत एक पावसाळा आणि एक हिवाळा तशीच ठेवायची. त्या काळात घुबडही कळलं असतं आणि काचेच्या पट्ट्यांनीही काहीतरी सांगितलं असतं. मालकाला हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. म्हणून त्याचं वेळापत्रक आणि खर्च वेगळा लिहून द्यायला हवा, तोंडी सांगून भागत नाही.

मधल्या खणात काचेच्या आत आणखी एक लाकडी कोपरा, लवकर तापणारा, करायला हवा होता का यावर मी आणि इंजिनिअर अजून सहमत नाही. ती म्हणते हवा होता. मला वाटतं त्याने बहिणीची उंची परत गेली असती. चुन्याच्या कामात थंडीचा तो एक आठवडा मात्र निव्वळ हाव होती, त्यावर दुमत नाही.

तडकलेल्या काचेच्या जागी मिस्त्रींनी फरशी पूर्ण झाल्यावर नवी पट्टी लावली आणि शेजारी नवी तारीख लिहिली. टोकाच्या त्या भिंतीला तेवढ्या पट्टीपुरता गिलावा केलेला नाही. माळ्याच्या खोलीत पलंगाच्या उशाशी तीनही काचा दिसतात, आणि पाहुणे हमखास विचारतात हे काय म्हणून. मागच्या महिन्यात भाऊ तिथे जाऊन आला. त्याने फोन करून आधी तिन्ही अखंड असल्याचं सांगितलं आणि मग बाकीचं बोलला.